नव्या बाईंच्या शेजारी कोण बसतं?

जून महिना. शाळा सुरू होऊन जेमतेम आठवडा झालेला असतो आणि पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मेसेज येतो, "तिसरी 'ब'ला नवीन बाई आल्यात म्हणे. अगदीच पोरसवदा वाटतात." लगेच उत्तरं सुरू होतात. "जुन्या बाई काय छान शिकवायच्या!" "बघू या, महिनाभर वाट पाहू." "वर्ष वाया नको जायला म्हणजे झालं."

ही काळजी खोटी नाही. पण त्या वेळी वर्गात उभ्या असलेल्या त्या नव्या बाईंचा विचार तुम्ही कधी केलाय का?

एमबीबीएस झालेला मुलगा स्वतंत्र डॉक्टर होण्याआधी वर्षभर इंटर्नशिप करतो. चुकला तर सावरायला वरचे डॉक्टर असतात. नवा वकील आधी सीनियरच्या फायली उचलतो. हॉटेलातल्या नव्या पोऱ्याला पहिल्या दिवशी कुणी पंगतीचा स्वयंपाक सांगत नाही, आधी तो कांदा चिरतो. शिक्षकाच्या हातात मात्र पहिल्याच सकाळी खडू, हजेरीपट आणि चाळीस मुलांचा आख्खा वर्ग येतो. वीस वर्षं शिकवलेल्या बाईंना जेवढं काम, तेवढंच त्यांनाही. कित्येकदा जास्तच, कारण ज्या वर्गाला कुणी हात लावायला तयार नसतं, तो वर्ग नव्या माणसाच्या वाट्याला येतो.

यात पणाला काय लागतं? शिक्षकाला दुसरं वर्ष मिळतं, तिसरंही मिळतं. पण त्या चाळीस मुलांची तिसरी एकदाच येते. म्हणून नव्या शिक्षकाच्या शेजारी कोण बसतं, हा प्रश्न जितका स्टाफरूमचा आहे तितकाच तुमच्या घरातलाही आहे.

या प्रश्नावर सव्वादोनशेहून अधिक वर्षं धडपड करणारं एक शहर आपल्या देशात आहे. ते म्हणजे चेन्नई. मरीना बीच, इडली-सांबार आणि मंदिरं पाहायला आपण तिथे जातो. पण शिक्षक कसा घडतो, याची गोष्टही या शहरात ठिकठिकाणी सापडते.

एग्मोरची धूळपाटी

चेन्नईचं एग्मोर स्टेशन तुम्ही पाहिलं असेल. याच एग्मोर भागात अठराव्या शतकात ईस्ट इंडिया कंपनीच्या सैनिकांच्या अनाथ मुलांसाठी एक आश्रम होता. 1789 मध्ये अँड्र्यू बेल नावाचा स्कॉटिश पाद्री तिथला प्रमुख झाला. शिक्षक कमी, मुलं पुष्कळ आणि शिकवणं कंटाळवाणं, अशी तिथली स्थिती होती.

एकदा बेलला जवळच्या एका देशी शाळेत मुलं वाळूवर बोटाने अक्षरं गिरवताना दिसली. आपल्याकडच्या पंतोजींच्या शाळेत धूळपाटी असायची, अगदी तसंच. खर्च काहीच नाही आणि मुलं रमलेली. बेलने आपल्या शिक्षकांना सांगितलं, उद्यापासून असंच शिकवा. पण शिक्षकांना ते जमेना, पटेना. शेवटी त्याने मुळाक्षरांचा वर्ग जॉन फ्रिस्किन नावाच्या आठ वर्षांच्या विद्यार्थ्याकडे सोपवला. त्या पोराने तो चालवून दाखवला! मग मोठ्या मुलांनी धाकट्यांना शिकवायचं, अशी सगळ्या शाळेचीच घडी बसली.

बेल मायदेशी परतला आणि 1797 मध्ये त्याने या प्रयोगाचा अहवाल छापला. ही पद्धत इंग्लंडात 'मद्रास पद्धत' म्हणून पसरली. स्कॉटलंडच्या सेंट अँड्र्यूज गावात बेलच्या देणगीतून उभी राहिलेली शाळा आजही 'मद्रास कॉलेज' याच नावाने चालते. पुढे 1846 मध्ये इंग्लंडने तेरा वर्षांच्या पुढच्या हुशार मुलांना पाच वर्षं मुख्याध्यापकाच्या हाताखाली शिक्षकी शिकवण्याची योजना सुरू केली. सुताराच्या हाताखाली पोर तयार होतं, तसं.

या पद्धतीत दोषही होते. ती स्वस्त होती, म्हणून लोकप्रिय झाली. एका मास्तरावर शेकडो मुलं सांभाळायची, तर घोकंपट्टी वाढणारच. लहान मुलाकडून पुऱ्या शिक्षकाची अपेक्षा करणंही योग्य नव्हतं. तरी एग्मोरच्या या गोष्टीतून दोन गोष्टी लक्षात राहतात. एक, शिकवणं हे शिकवता शिकवताच येतं. दुसरी, नुसत्या हुकमाने शिक्षक बदलत नाहीत. "उद्यापासून असं करा" हे बेलच्या हाताखालच्या मोठ्या माणसांना जमलं नाही, कारण ते करून दाखवायला त्यांच्या शेजारी कुणी बसलं नव्हतं.

कॉलेजच्या अंगणात शाळा

1856 मध्ये मद्रासला शिक्षक तयार करणारी सरकारी 'नॉर्मल स्कूल' सुरू झाली. नंतर ती सैदापेटला गेली आणि तिथलं अध्यापक महाविद्यालय नावारूपाला आलं. अशा संस्थांचा एक मोठा आधार म्हणजे सराव पाठशाळा. कॉलेजला लागूनच खरी शाळा असते. सकाळी जे शिकलं, ते दुपारी खऱ्या मुलांपुढे करून पाहायचं आणि मागच्या बाकावर बसलेल्या जाणत्या शिक्षकाकडून काय जमलं, काय हुकलं, ते ऐकायचं.

याच शहरात सिस्टर सुब्बलक्ष्मी यांनी हे काम बायकांसाठी केलं. 1886 चा त्यांचा जन्म. बालपणीच वैधव्य आलं. तरी वडिलांच्या पाठबळावर त्या शिकल्या आणि 1911 मध्ये पदवीधर झाल्या. मरीनावर 'आइस हाऊस' नावाची गोल इमारत आहे. तिथे त्यांनी बालविधवांचं वसतिगृह चालवलं. महर्षी कर्व्यांचं हिंगणे आठवावं, असंच ते काम. या मुलींनी शिकून पुढे करायचं काय? त्या काळात प्रतिष्ठेने करता येण्याजोगं एक काम होतं, ते म्हणजे शिक्षिकेचं. 1922 मध्ये लेडी विलिंग्डन ट्रेनिंग कॉलेज आणि त्याला जोडून सराव शाळा उभी राहिली. तिची धुरा सुब्बलक्ष्मींनी सांभाळली. एका शिकलेल्या विधवेने दुसरीला शिक्षिका म्हणून उभं केलं, तिने वर्गभर मुलींना.

नोव्हेंबर 1939 मध्ये डॉ. मारिया माँटेसरी चेन्नईच्या अड्यार भागात आल्या आणि त्यांनी सुमारे तीनशे जणांचा प्रशिक्षण वर्ग घेतला. महायुद्धामुळे त्यांचा भारतातला मुक्काम कित्येक वर्षं लांबला. माँटेसरी प्रशिक्षणात एक गोष्ट हमखास करावी लागते. वर्गाच्या कोपऱ्यात गप्प बसून मुलांना पाहायचं. मध्ये बोलायचं नाही, मदत करायची नाही. फक्त पाहायचं आणि वहीत टिपायचं. शिकवण्याआधी पाहायला शिकणं, हा शिक्षकाचा पहिला धडा त्यांनी मानला.

आधी पाहून या, मग करा

आता 2003 सालात या. चेन्नई महापालिकेच्या शाळांमध्ये गरीब घरची मुलं वर्गात असूनही मागे पडत होती. त्या वेळचे आयुक्त एम. पी. विजयकुमार यांनी कृतिआधारित शिक्षण आणायचं ठरवलं. परिपत्रक काढून ते मोकळे होऊ शकले असते. त्यांनी आधी पालिकेच्या शिक्षकांना आंध्र प्रदेशात मदनपल्लीजवळच्या ऋषी व्हॅलीला पाठवलं.

तिथल्या खेड्यापाड्यांतल्या छोट्या शाळांमध्ये शिक्षक खुर्चीवर नव्हते. ते मुलांबरोबर चटईवर बसले होते. धडे चित्रांच्या कार्डांमध्ये विभागलेले. भिंतीवर शिडीसारखा तक्ता. प्रत्येक मूल आपली पायरी शोधून, कार्ड उचलून, आपल्या वेगाने पुढे जात होतं. शिक्षकांनी हे सगळं डोळ्यांनी पाहिलं. परत आल्यावर त्यांनी स्वतः तमिळमध्ये कार्डं तयार केली. सुरुवात फक्त 13 शाळांत झाली. ते जमल्यावर पालिकेच्या इतर शाळांत, आणि 2007 च्या सुमारास तामिळनाडूभरच्या सरकारी प्राथमिक शाळांत ही पद्धत गेली. पहिल्या शाळांतले शिक्षकच पुढच्यांचे मार्गदर्शक झाले.

बेलचा हुकूम आणि हा प्रयोग यांतला फरक तुमच्या लक्षात आला असेल. तिथे "करा" सांगितलं, इथे "पाहून या" म्हटलं. अर्थात हजारो शाळांत एखादी गोष्ट नेली, की सगळीकडे ती सारखी उतरत नाही. कार्डं गाडीत घालून पाठवता येतात, पण शेजारी बसणारा माणूस तसा पाठवता येत नाही.

महाराष्ट्रातही असा अनुभव आहे. सातारा तालुक्यातल्या कुमठे बीटच्या जिल्हा परिषद शाळांनी ज्ञानरचनावादी वर्ग उभे केले, तेव्हा राज्यभरातून शिक्षक ते पाहायला गेले. फरशीवर काढलेली गणितं, गटात बसलेली मुलं पाहून परतले आणि आपल्या गावात रंगाचे डबे घेऊन कामाला लागले. मोठमोठ्या भाषणांनी जे झालं नसतं, ते एका भेटीने झालं.

आपल्याकडची माळ

मराठी शिक्षणाच्या इतिहासातली मोठी नावं घ्या. प्रत्येकामागे कुणीतरी हात धरणारं दिसतं. सावित्रीबाई फुले 1848 मध्ये वर्गात उभ्या राहिल्या. त्यांना अक्षरओळख दिली जोतिरावांनी, आणि शिक्षिका म्हणून त्यांचं प्रशिक्षण झालं ते अहमदनगरला मिस फरार यांच्याकडे आणि पुण्याला मिसेस मिचेल यांच्याकडे.

ताराबाई मोडक 1923 पासून भावनगरला गिजुभाई बधेकांसोबत बालशिक्षणाच्या कामात तयार झाल्या. 1945 मध्ये त्यांनी ठाणे जिल्ह्यात बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केलं, तेव्हा अनुताई वाघ त्यांच्या सोबतीला आल्या. पुढे काम कोसबाडच्या टेकडीवर, आदिवासी पाड्यांत गेलं. मुलं अंगणवाडीत येत नाहीत, तर अंगणवाडीच त्यांच्या अंगणात न्यायची, हे दोघींनी मिळून केलं. 1973 मध्ये ताराबाई गेल्या. अनुताईंनी 1992 पर्यंत, म्हणजे स्वतःच्या अखेरीपर्यंत ते काम चालवलं. गिजुभाईंकडून ताराबाईंकडे आणि ताराबाईंकडून अनुताईंकडे अशी ही माळ ओवली गेली.

पहिल्या वर्षात नेमकं काय होतं?

नव्या शिक्षकांच्या अडचणींवर जगात पुष्कळ अभ्यास झाला आहे. डच अभ्यासक सायमन वेनमन यांनी 1984 मध्ये अशा 83 अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला. सगळ्यांत वर अडचण निघाली ती वर्गातल्या शिस्तीची. मग मुलांना अभ्यासाची गोडी लावणं, प्रत्येक मुलाच्या वेगाप्रमाणे शिकवणं, त्यांचं काम तपासणं. आणि या यादीत अगदी वरच्या पाचांत आणखी एक गोष्ट होती, पालकांशी संबंध. म्हणजे नव्या शिक्षकाच्या अडचणींत तुमचा-आमचाही वाटा आहे!

कॅलिफोर्नियातल्या एलेन मॉयर यांनी पहिल्या वर्षाचे टप्पे सांगितले. आधी उत्साह. मग कसाबसा दिवस ढकलणं. शाळा सुरू झाल्यावर सहा ते आठ आठवड्यांनी निराशा, "हे काम माझं नव्हेच" असं वाटणं. त्यानंतर हळूहळू उभारी आणि वर्षाअखेरीस स्वतःच्या कामाकडे शांतपणे पाहणं. आपल्या कॅलेंडरवर हे मांडलं, तर निराशेचा काळ ऑगस्टमध्ये येतो. घटक चाचणीचे गठ्ठे, पावसाने भिजलेली दप्तरं, बसलेला घसा आणि पालक सभा, सगळं एकदम. मग काही दिवसांनी 5 सप्टेंबर उजाडतो. ज्यांच्या जन्मदिवशी आपण शिक्षक दिन साजरा करतो, ते डॉ. राधाकृष्णन यांनी आपली नोकरी सुरू केली ती 1909 मध्ये मद्रासच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात, विशीतला नवा शिक्षक म्हणून. त्यानंतर त्यांनी मद्रासमध्येच अध्यापनाचं प्रशिक्षणही घेतलं.

नियम काय सांगतात?

स्कॉटलंडमध्ये 2002 पासून तिथल्या नव्या शिक्षकाला एक वर्षाची हमखास जागा मिळते. त्याचे तास कमी ठेवतात आणि एक अनुभवी शिक्षक त्याच्यासोबत नेमतात. जपानने 1989 पासून पहिल्या वर्षाचं प्रशिक्षण कायद्याने सुरू केलं. इंग्लंडमध्ये सप्टेंबर 2021 पासून दोन वर्षं मार्गदर्शक मिळतो, आणि पहिल्या वर्षी दहा टक्के, दुसऱ्या वर्षी पाच टक्के वेळ शिकण्यासाठी मोकळा असतो.

आपल्याकडे 2014 च्या नियमांनी बी.एड. दोन वर्षांचं झालं आणि त्यात 20 आठवडे शाळेत घालवणं आलं. ते चांगलंच आहे. पण तो वर्ग दुसऱ्या कुणाचा असतो. वर्ग स्वतःचा झाला, की कसोटी वेगळी असते. महाराष्ट्रात 2000 पासून शिक्षणसेवक म्हणून तीन वर्षं काढावी लागतात. मुदत आणि मानधन कागदावर स्पष्ट असतं. हात धरून शिकवणारं कुणी भेटेल की नाही, हे मात्र बरंचसं त्या शाळेच्या वातावरणावर ठरतं. खासगी शाळांत 'प्रोबेशन' असतं. पण प्रोबेशन म्हणजे परीक्षा, आधार नव्हे.

2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर राष्ट्रीय मार्गदर्शन मोहिमेचा आराखडा तयार झाला. जुलै 2022 मध्ये 30 केंद्रीय शाळांत तिचा पथदर्शी प्रयोग सुरू झाला. सुरुवात लहान असली तरी दिशा बरोबर आहे.

शाळेला खर्चाशिवाय करता येईल

तुम्ही मुख्याध्यापक असाल, शाळेच्या समितीवर असाल किंवा स्टाफरूममधले जुने सर-बाई असाल, तर सरकारी आदेशाची वाट पाहायची गरज नाही.

• पहिल्याच दिवशी नव्या शिक्षकाला एक जोडीदार नेमून द्या. शक्यतो त्याच इयत्तेचा किंवा विषयाचा. त्याने गोपनीय अहवाल लिहायचा नाही. ज्याच्या हातात आपली नोकरी आहे, त्याला कुणी मनमोकळेपणाने "मला वर्ग आवरत नाही" असं सांगत नाही.

• दोघांचा आठवड्यातून एक तास एकाच वेळी मोकळा ठेवा. तो तास बदलीच्या तासाला जाऊ देऊ नका.

• आधी नव्या बाईंनी जुन्यांच्या वर्गात बसून पाहावं, मग जुन्यांनी त्यांच्या वर्गात बसावं. टाचण वही तपासण्यापेक्षा तास पाहण्याचा उपयोग जास्त होतो.

• तास पाहिल्यावर एकाच गोष्टीवर बोला. "फळ्याकडे तोंड करून सूचना दिलीत, मागची मुलं तिथेच सुटली" हे सांगितलं, तर उद्या सुधारता येतं. "वर्गावर पकड हवी" हे ऐकून कुणालाच काही करता येत नाही.

• सर्वांत अवघड वर्ग, गॅदरिंग, सहल आणि पोषण आहाराची नोंद, हे सगळं एकाच नव्या माणसाच्या गळ्यात बांधू नका.

• छोट्या गोष्टी सांगा. हजेरी कशी भरायची, मूल वर्गात उलटी करून बसलं तर कुणाला बोलवायचं, कुठल्या मुलाच्या घरी सध्या आजारपण आहे. हे बी.एड.च्या पुस्तकात नसतं.

जुन्या शिक्षकालाही यातून मिळतं. दुसऱ्याला सांगायचं म्हटलं, की आपण एखादी गोष्ट का करतो याचा विचार करावा लागतो. वीस वर्षांची सवय पुन्हा तपासली जाते. नवा माणूसही रिकाम्या हाताने येत नाही. स्मार्ट बोर्ड सुरू करायला जुने सर त्यालाच हाक मारतात!

पालक म्हणून तुम्ही

नव्या बाईंना तीन महिने द्या. तक्रार असेल तर ग्रुपवर टाकू नका, वेळ घेऊन भेटा. आपल्या मुलाबद्दल त्यांना उपयोगी पडेल असं काही सांगा. त्याला चष्मा लागलाय, तो मोठ्या आवाजाला घाबरतो, आजी गेल्यापासून गप्प झालाय. जुन्या बाईंशी त्यांची तुलना मुलांसमोर करू नका. घरात जे बोललं जातं, ते मुलं वर्गात घेऊन जातात. आणि एखादा धडा मुलाने घरी येऊन रंगवून सांगितला, तर डायरीत दोन ओळी लिहून कळवा. ऑगस्टमधल्या एखाद्या संध्याकाळी त्या दोन ओळी फार मोलाच्या ठरतात.

तुमची मुलगी, सून किंवा भाचा यंदा शिक्षक म्हणून रुजू झाला असेल, तर "तुला काय, सुट्ट्याच सुट्ट्या" एवढं तरी म्हणू नका. संध्याकाळी चहाबरोबर विचारा, "आज कुठला तास चांगला झाला?" आणि हेही सुचवा, की शाळेतला एक जाणता माणूस शोध आणि त्याच्या वर्गात मागे बसायची परवानगी माग. मागायला लाजू नये. चांगले शिक्षक अशा विनंतीने सुखावतातच.

पुढच्या पालक सभेत निकाल, फी आणि बसची वेळ यांबरोबर आणखी एक प्रश्न मुख्याध्यापकांना विचारा, "आमच्या नव्या बाईंच्या सोबत तुम्ही कुणाला दिलंय?" उत्तर तयार नसेल, तरी हरकत नाही. आठ पालकांनी हाच प्रश्न विचारला, की ते तयार होईल.